हे पुढे, मी मागे

९ जानेवारी
राहुरीहून परत. डॉ. म्हणाले, गोळ्या त्यांचं काम करतील, पायाचं काम पायानेच करायचं. रोज चालायचं. सपाट जागा, थोडं थोडं, बसत बसत. एकट्याने नाही, सोबत माणूस पाहिजे. ‘सोबत’ म्हणताना डॉ. माझ्याकडे बघत होते. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

आपल्याला काय, धरणाचं पाणी दारात. लोक पुण्याहून गाड्या करून येतात ह्या काठावर दोन पावलं टाकायला. फाटकातून निघालं की रोपवाटिका, मग बाभळी, मग काठाचा रस्ता आणि ते सिमेंटचं बाकडं. संपलं. तीन वर्षांचं पोर चालून येईल.

संध्याकाळी निघालो. फाटकाबाहेर पडल्या पडल्या हे पुढे. दिवाळीत लकव्याचा झटका येऊन गेला, डावा पाय ओढतो, तरी पुढे. मी मागे. चार ढांगांत गाठलं असतं. नाही गाठलं. लंगडणाऱ्या माणसाच्या मागे राहायचं म्हणजे किती हळू चालावं लागतं, ते जो चालेल त्यालाच कळेल. ह्यांचा पाय राहिला बाजूला, पोटऱ्या माझ्या भरून आल्या.

११ जानेवारी
आज मुद्दाम बघितलं. रोपवाटिकेपाशी मी बरोबरीने आले. हे थांबले, बुटाची नाडी बघायला वाकले. बूट बिननाडीचे आहेत. मीच आणलेत.

बाभळीपाशी पुन्हा बरोबरीने आले. हे थांबून पाण्याकडे बघत राहिले. मीही थांबले. पाणी बघून संपलं तरी हलेनात. मी एक पाऊल मागे घेतल्यावर निघाले.

तिसऱ्यांदा बघितलंच नाही. कशाला.

१४ जानेवारी, संक्रांत
तळपायाची आग मस्तकात गेली आहे. जेवणही केलं नाही.

तिळगूळ घ्यायला माणसं आली होती. शिंद्यांचा राहुल, ह्यांचा जुना विद्यार्थी, मोबाईलचं दुकान आहे त्याचं, तो बायकोला घेऊन आला होता. शेजारचे तात्या होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच घरात एवढी माणसं, म्हणून मी गूळपोळ्या केलेल्या. आणि ह्यांनी काढली कोपरगावची गोष्ट.

‘मी बसमध्ये चढलो, म्हटलं ही मागं असंलच. निवांत गप्पा चालल्यात शेजारच्याशी. राहाता आलं. कंडक्टर म्हणतो, सर, तिकिटं दोन, दुसरं माणूस कुठंय? मागं बघतो तर मॅडम गायब!’

सगळे हसले. दर वेळी हसतात. राहुलची बायको तोंडाला पदर लावून हसली आणि माझ्याकडे बघून गप्प झाली. तात्यांनी तर ही गोष्ट पाठ होईल इतक्या वेळा ऐकली आहे, तरी मांडीवर थाप मारली.

माझी गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिते. सुनीता कडेवर, तिला ताप. खांद्याला पिशवी. स्टँडवर गर्दी आणि हे दहा पावलं पुढे. चपलेचा पट्टा तुटला. मी ‘अहो’ म्हणाले. गर्दीत ‘अहो’ कुणाला ऐकू जातं, आणि नावाने हाक मारायची आपल्यात पद्धत नाही. वाकून पट्टा बघितला, वर बघितलं तर बस वळणावर. पैसे सगळे ह्यांच्या खिशात. चहाच्या गाडीवरच्या बाईने पोरीला दूध दिलं, मला बसायला खोकं दिलं. दिवेलागणीला हे आले, ट्रकमधून. आल्यावर पहिला शब्द काय, तर ‘कुठं होतीस तू?’

वर चिडले. माझ्यावर.

हे कधी सांगत नाहीत. राहात्याला गोष्ट संपते.

१६ जानेवारी
पाय दुखतोय, आज नको म्हणाले. काल पण नको होतं.

पुण्याहून लेकीचा, सु.चा फोन. ‘आई, तू त्यांचा हात धरून का चालत नाहीस?’ हात. म्हटलं बाई, तुझ्या बापाने माझा हात लग्नात भटजींनी धरायला सांगितला तेवढाच धरलाय. ती हसली. मी हसण्यासाठी सांगितलं नव्हतं.

१९ जानेवारी
तात्या येऊन घेऊन गेले ह्यांना. लगेच पायात बूट.

मी फाटकाशी उभी राहून बघितलं. दोघं खांद्याला खांदा लावून. तात्यांचा हात ह्यांच्या पाठीवर. तात्या हळू, म्हणून हे हळू. मध्येच थांबून दोघांनी हातवारे करून काहीतरी सांगितलं एकमेकांना, हसले, पुन्हा निघाले. रोपवाटिकेच्या कुंपणापर्यंत दिसत होते.

म्हणजे येतं. बरोबरीने चालता येतं ह्यांना.

मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. भांडी घासायला बसले. कढईचा तळ पांढरा झाला.

२२ जानेवारी
विचारलं शेवटी. जेवताना. म्हटलं, तात्यांबरोबर शेजारून चालता, मग माझ्याबरोबर काय होतं?

हे म्हणाले, ‘पुढं पुरुष माणूस असावा. वाटंवर काटंकिरडू असतंय. मी आधी गेलो की तुला वाट मोकळी.’

असं होय. म्हणजे सगळा जन्म माझ्यासाठी साप बघत चालले होते. म्हटलं, कोपरगावच्या स्टँडवर कुठला साप होता? बँकेत? किराणा दुकानात? सु.च्या लग्नाच्या हॉलमध्ये दाराजवळ मला आणि विहीणबाईंना सोडून तरातरा स्टेजपर्यंत गेलात, तिथे फणा काढून बसला होता का कुणी?

‘तुझ्याशी बोलण्यात अर्थ न्हाई,’ म्हणाले आणि ताक मागितलं.

दिलं. का दिलं माहीत नाही. हाताला सवय.

२५ जानेवारी
हे तात्यांकडे कॅरम खेळायला. मी एकटीच निघाले. काम काहीच नव्हतं. नुसतं चालायला असं कधी एकटी गेलेले आठवत नाही.

काय सांगू. पुढे कुणी नाही. ह्या रस्त्याने हजारदा गेले असेन आणि मला ठाऊक काय होतं, तर ह्यांच्या टाचा. उजवा बूट बाहेरून झिजतो, विजारीची शिवण कुठे उसवते, सगळं तोंडपाठ. आज डोळे वर. पाणी बरंच खाली गेलंय. उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी हरभरा पेरलाय, हिरवा पट्टा थेट पाण्यापर्यंत. पलीकडे तांबूस बदकं बसलेली, नाव माहीत नाही, थंडीत येतात तीच. एक टिटवी माझ्याबरोबर चालली बराच वेळ. बरोबर म्हणजे बरोबर. शेजारून.

बाकड्यापाशी हौसाबाई भेटली. ती पाथर्डीकडची, नवरा-बायको दर साल ऊसतोडीला इकडे येतात. यंदा कंबर धरली म्हणून ही शेळ्या राखते. म्हणाली, ‘बाई, आज सर न्हाईत म्होरं?’

बघा. तिलाही माहीत.

मी म्हटलं, तुमच्यात कोण पुढे असतं? ती म्हणाली, ‘फडात त्यो म्होरं. त्यो तोडतो, म्या मागून मोळी बांदती. पर फडातून भाईर पडलं का म्या म्होरं. त्याला म्होरं सोडला तर त्यो दारूच्याच दुकानात घुसतो.’

हसलो दोघी. पण घरी येताना तेच डोक्यात. त्यांच्यात पुढेमागे कामापुरतं. आमच्यात कसलं काम होतं? अंगणवाडीत होते तेव्हा पोरांना काठावर न्यायचे, मदतनीस पुढे आणि मी सगळ्यांच्या शेवटी. शेवटच्यालाच कळतं कोण राहिलं ते. मी एकही पोर हरवलं नाही कधी. पुढच्याचं काय, त्याला वाटतं सगळे येतायत.

एवढं छान वाटलं म्हणून आणखीच राग आला. एवढंसं तर होतं. कुणी अडवलं होतं?

१ फेब्रुवारी
तात्या नाशिकला गेले, मुलाकडे. हे घरात. टीव्ही, खुर्ची, टीव्ही.

डॉ.कडे नेलं. डॉ.नी पाय वाकवून बघितला, चेहरा बदलला. म्हणाले, सर, आता चालाल तर पाय सुटेल, नाहीतर असाच आखडून राहील आणि मग मला काही करता येणार नाही. काठी वापरा. हे म्हणाले, ‘मी पी.टी.चा मास्तर आहे.’ डॉ. म्हणाले, म्हणूनच सांगतो.

रिक्षात चढताना ह्यांनी डावा पाय हाताने उचलून आत घेतला. मला भीती वाटली, खरं सांगायचं तर. खुर्चीत बसलेला हा माणूस मला पुढची सगळी वर्षं दिसला. मागे मी, खुर्ची ढकलत. तिथेही मागेच.

३ फेब्रुवारी
तोडगा काढलाय साहेबांनी. दुपारी जायचं. दुपारी काठावर कुणी नसतं. जुने विद्यार्थी दिसत नाहीत, नमस्कार सर नाही, पाय कसा आहे सर नाही. काठी नको.

म्हटलं चला. उन्हात तर उन्हात. चालणं होतंय ना.

५ फेब्रुवारी
ओळी वाकड्या येतायत. अक्षर बघा.

दुपारी गेलो. हे पुढे. बाकड्याच्या अलीकडे रस्ता सोडून काठाच्या दगडांकडे वळले, पाणी जवळून बघायचं म्हणे. म्हटलं, अहो, तिथे नको. ऐकू आलं. मान हलली ना. तरी गेले. डावा पाय दगडात अडकला आणि गुडघ्यावर आले. मी मागे होते म्हणून, मी मागे होते म्हणूनच, दिसलं आणि धावले. काखेत हात घालून उठवलं. ओझं केवढं माणसाचं. दगडावर टेकवलं, मी शेजारी टेकले, धाप लागलेली.

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली. राहुल शिंदे. पळत आला, ‘सर, काय झालं?’

आणि हे म्हणाले, ‘काही न्हाई रे, हिला चक्कर आली. ऊन लागलं. बसवलं जरा.’

हिला.

राहुलने बाटली काढली. ‘मॅडम, पाणी घ्या. डोक्यावर पदर घ्या. दुपारचं कशाला येता?’ ह्यांच्या विजारीला गुडघ्यावर माती, तळहात खरचटलेला, आणि तो पोरगा मला पाणी पाजतोय. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पाण्याकडे बघत होते.

प्यायले पाणी. मूग गिळून पाणी प्यायले. वर ‘आता बरं वाटतंय’ म्हणाले. म्हणाले मी. माझ्या तोंडाने.

६ फेब्रुवारी
बोलणं बंद. तळहाताला हळद लावली, बोलले नाही.

ह्या वहीत पण मी ‘हे’ लिहिते. हे पडले, हे म्हणाले. कुणी वाचणार नाही तरी मान. नाव घ्यायचं तर उखाण्यात, तेही माणसं जमली असताना.

दत्तात्रय पडला. दत्तात्रय खोटं बोलला.

लिहून बघितलं. आभाळ कोसळलं नाही. खोडत नाही.

८ फेब्रुवारी
सु.ला सांगितलं फोनवर. ती म्हणाली, ‘आई, बाबांना लाज वाटली असेल गं.’ माहीत आहे मला. लाज त्यांना वाटते आणि चक्कर मला येते, हे किती दिवस चालायचं?

९ फेब्रुवारी
आज बोलले. उभ्यानेच. म्हटलं, उद्यापासून मी सकाळी जाणार, सगळे असताना. पुढे मी असेन. तुम्हाला यायचं तर या. काठी दाराशी ठेवली आहे. मी थांबणार नाही आणि मागे बघणार नाही.

हे म्हणाले, ‘लोक काय म्हणतील?’

म्हटलं, लोकांना सांगा मला चक्कर येते.

१० फेब्रुवारी
गेले. हे आले नाहीत.

११ फेब्रुवारी
आले नाहीत. घरी येऊन बघते तर काठी हलवलेली. दाराच्या ह्या बाजूची त्या बाजूला.

१२ फेब्रुवारी
नाही. चहा पण माझ्या आधी करून घेतला स्वतःचा. दूध ओतू घालवलं. ओटा तसाच.

हौसाबाई म्हणाली, ‘हट्टाला पेटलं का गडी माणूस लई वंगाळ.’ म्हटलं, बाई माणूस पेटलं की? ती म्हणाली, ‘त्ये मंग इझतच न्हाई.’

१५ फेब्रुवारी
आले.

रोपवाटिका ओलांडली तेव्हा मागे आवाज. काठी, पाय, मग ओढलेला पाय. काठी, पाय, ओढ. बघितलं नाही मागे. शब्द म्हणजे शब्द. पण कान सगळे पाठीला लागलेले. आवाज थांबला की मी सावकाश. सुरू झाला की पुन्हा. पुढे चालूनसुद्धा मीच ह्यांच्या तालावर चालत होते, म्हणजे काय म्हणायचं ह्याला? पुढे गेलं तरी मी मागेच.

आणि ह्यांना एवढ्या वर्षांत माझा एकही आवाज ऐकू आला नाही? बांगड्या आहेत माझ्या हातात. पैंजण होते तेव्हा. चपलेचा पट्टा तुटला तो आवाज पण होता.

बाभळीपाशी राहुलची मोटारसायकल. गाडी हळू करून म्हणाला, ‘मॅडम, सर मागं राहिलेत बघा.’

मी म्हटलं, असू दे. राहाता आलं की कळेल मला.

त्याला लागलं एकदम. संक्रांतीला हसला होता ना. ‘येतो मॅडम’ म्हणून गेला. त्याची चूक नव्हती फारशी. पण फार बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी
आजही आले. डॉ.ना फोन करून सांगितलं. खूश. मी नाही.

१८ फेब्रुवारी
आज बाकड्यापर्यंत जाऊन बसले आणि मागे तोंड केलं. मागे बघणार नाही म्हटलं होतं, पण बसल्यावर ते पुढेच होतं.

लांबून येत होते. सगळा जन्म पाठ बघितली ह्या माणसाची, चालताना समोरून कधी बघितलंच नव्हतं. चेहरा वेगळाच. कपाळाला आठी, घाम, ओठ हलत होते. मला वाटलं, मला शिव्या देतात. जवळ आले तेव्हा कळलं. ‘डावा. उजवा. डावा.’ मैदानावर पोरांना सांगायचे तसं. पायाला सांगत होते. डावा म्हटलं की डावा यायचा, पण उशिरा.

मी सरकून जागा केली. लिहायला नको, पण केली.

येऊन बसले. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला. बराच वेळ धाप. मग म्हणाले, ‘मागं बघत जा की जरा. पडलो बिडलो तर.’

म्हटलं, तुम्ही बघितलं होतं?

वाटलं, आता ताक मागतील. नाही मागितलं. गाळातल्या हरभऱ्यात बगळे उतरले होते, ते बघत होते. मग पाण्याकडे बघतच म्हणाले, ‘पुलावरच कळलं होतं मला.’

मला आधी समजेना कुठला पूल. मग समजला. गोदावरीचा. कोपरगाव सुटलं की लगेच. स्टँडवरून हाक मारली तर ऐकू जावी, एवढ्यावर.

‘पुलावर मागं बघितलं. तू न्हाईस. बसमध्ये हेडमास्तर होते आन् निम्मा स्टाफ. बायको इसरली म्हणून गाडी कशी थांबवायची? म्हटलं राहात्याला उतरू गपचूप.’

म्हणजे राहात्यापर्यंत बसून होते. माहीत असून. कंडक्टर वगैरे काही नाही. निवांत गप्पा नाहीत. मी खोक्यावर, पोर तापलेली, आणि हे बसमध्ये ताठ बसून, पुढे बघत. आणि नंतर एवढी वर्षं सगळ्यांना हसवत.

कळेना, राग यावा की काय व्हावं. मग आला. आधीचा होता त्याच्यापेक्षा जास्त आला. पण आधीचा राग एकटीचा होता, कुणाला दिसत नव्हता. आज समोर बसून, घाम पुसत, हे तो बघत होते. तोंड वळवलं नाही.

मी म्हटलं, हे राहुलला सांगाल? तात्यांना?

काठी रोवून उठले. मीही उठले. हे म्हणाले, ‘चल, हो पुढं.’ मी म्हटलं, तुम्ही व्हा. हे हलेनात. मी हलले नाही. दोघं बाकड्यापाशी उभे, माणसं बघतायत. रस्ता चांगला रुंद आहे, ट्रॅक्टर जातो त्याच्यावरून. हौसाबाईच्या शेळ्या आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या.

शेवटी ऊन लागायला लागलं म्हणून निघालो. कोण आधी निघालं ते ह्यांना विचारलं तर ते वेगळं सांगतील.

उद्या तात्या परत येतायत नाशिकहून. संध्याकाळी चहाला बोलावलंय. गोष्ट निघणारच, मी काढीन नाही निघाली तर. पुलावरची सांगतात का राहात्याची, ते मला ऐकायचंय. आत चहा ठेवायला मी जाणार नाही. दूध ओट्यावर आहे, चहा त्यांना करता येतो.